पिशवी घेऊन : आधी बाजार, मग बेत

जूनच्या टपालात निम्मी पत्रं रानभाज्यांची आणि उरलेली आंब्यावर राग काढणारी, हे आता ठरलेलंच आहे. त्यातली काही निवडली आहेत. ज्यांची राहिली त्यांनी रुसू नये. सुरणाच्या खाजेवर यंदाही बरीच पत्रं आली, पण तो विषय दिवाळीच्या सुमाराला घेऊ.

ताई, आम्ही दोघंही नोकरी करतो. भाजी मोबाइलवरून मागवतो, दहा-पंधरा मिनिटांत दारात येते. स्वच्छ, निवडलेली, पाकिटबंद. गावाहून आलेल्या सासूबाई म्हणतात, ‘या भाजीला चव नाही, स्टेशनबाहेर बसणाऱ्या बायकांकडून आणत जा.’ चवीत खरंच फरक असतो, की हे आपलं जुन्या माणसांचं म्हणणं?
– एक वाचक, डोंबिवली

सासूबाई निम्म्या भाज्यांच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर आहेत. उरलेल्या निम्म्यांसाठी तुम्ही खुशाल मोबाइल वापरा. कांदे, बटाटे, लसूण, आलं, लाल भोपळा, सुरण, कोनफळ ही टिकणारी मंडळी. ती कुठून आली आणि कुणी दारात आणून दिली, याने त्यांना काही फरक पडत नाही. त्यांच्यासाठी पिशवी उचलून खांदा दुखवून घेऊ नका.

पण मका घ्या, मटार घ्या. कणीस ताटावरून मोडलं, शेंग वेलावरून तोडली की दाण्यातल्या साखरेचं पिष्ट व्हायला लागतं. सकाळी मोडलेलं कणीस दुपारी भाजलं तर नुसतं खावं, मीठ-लिंबूही नको. तेच दोन दिवस गोदामात राहिलं की आपण त्यावर लिंबू, तिखट, बटर, चीज असं काय काय चोपडत बसतो. टोमॅटोचं दुखणं वेगळं. लांबच्या प्रवासात फुटू नये म्हणून तो अर्धाकच्चा काढतात, वर थंड जागेत ठेवतात. थंडीत टोमॅटोचा वास मरतो. रंग लालभडक, आणि सारात घातला तर नुसता आंबट. घरीसुद्धा टोमॅटो फ्रिजमध्ये कोंबू नका, टोपलीत बाहेर राहू द्या.

पालेभाजीचं तर विचारूच नका. मोठ्या बाजारातून येणारी मेथी शेतातून निघते, रात्री ट्रकमधून वाशीला उतरते, तिथून घाऊकवाल्याकडे, तिथून गोदामात, तिथून तुमच्याकडे. माझी वासिंदची भाजीवाली मावशी आदल्या संध्याकाळी चवळी खुडते, ओल्या फडक्यात बांधते आणि पहाटेच्या कसारा गाडीने ठाण्यात येते. साडेसहाला ती स्टेशनबाहेर फडकं पसरते तेव्हा पानांवर हात फिरवला तर अजून गार लागतात. चवळीची भाजी करून बघा, लसूण आणि सुकी मिरची एवढंच घालून. पानाला स्वतःची गोडी असते हे त्या दिवशी सासूबाईंना सांगावं लागणार नाही.

आता चवीपेक्षा मोठा फरक सांगते. मोबाइलवर आपण डोक्यात असलेली भाजी शोधतो. भेंडी हवी, भेंडी टाइप केलं, भेंडी आली. बाजारात आपण काय आलंय ते बघतो. परवाच भेंडीच घ्यायला गेले होते. मावशीने भेंडीच्या वाट्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘ही नको नेऊ बाय, भिजलेली हाय, तार सुटंल. आज माठ ने, कवळा हाय.’ आणि विचारायच्या आत लाल माठ मुळासकट माझ्या पिशवीत. घरी येऊन पानांची भाजी केली. देठ सोलून बोटभर तुकडे केले आणि वालात टाकले. घरात कुणाला भेंडीची आठवणही झाली नाही. स्वतःचा माल ‘नको नेऊ’ म्हणणारा विक्रेता कुठल्याही अ‍ॅपवर मिळणार नाही. त्याच्याकडे परत परत जावं लागतं, तेव्हा कुठे तो असं बोलतो.

म्हणून माझा नियम उलटा आहे: आधी बाजार, मग बेत. आठवड्याचा बेत लिहून बाजारात गेलात तर मन कावतं, कारण यादीतलं निम्मं नसतं, आणि असतं ते जून असतं. पिशवी आणि सुटे पैसे एवढंच घेऊन जा.

तुमच्या नोकरीचं गणित मला कळतं. रोज जाणं व्हायचं नाही. शनिवारी सकाळी जा. आणलेलं खायचा क्रम मात्र पाळा. पालेभाजी आणि मका त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. गवार, भेंडी, वालपापडी, पडवळ सोमवार-मंगळवारी. दुधी, कोबी, वांगी नंतर. भोपळा शुक्रवारपर्यंत कुठे पळून जात नाही. पालेभाजी निवडून, न धुता, सुती पंचात गुंडाळून ठेवायची. धुवायची चिरायच्या आधी. निवडायला नवऱ्याला बसवा. मालिका बघता बघता मेथी निवडून होते, आमच्याकडे क्रिकेट बघता बघता होते.

मी चोवीस वर्षांचा आहे, पहिल्यांदाच घर सोडून राहतोय, स्वयंपाक स्वतः करतो. जांभळी नाक्याला मंडईत जातो, पण ताजी भाजी आणि मासळी ओळखायची कशी ते कळत नाही. बायका पटापट निवडतात, मी नुसता उभा. मला ‘तू’ म्हणा.
– एक वाचक, ठाणे

बरं, तू. पहिली गोष्ट, उभा राहतोस तेच चांगलं करतोस. पाच मिनिटं कुणा जाणत्या बाईच्या शेजारी उभा राहा आणि तिचे हात बघ, तोंड नको. गवार ती मोडून बघते. कट् आवाज आला तर घेते, दोरा निघाला तर टाकते. भेंडीचं शेपूट मोडून बघतात, पण प्रत्येक भेंडीचं मोडत बसशील तर शिव्या खाशील. एकदोन मोडायच्या आणि बाकीच्या बोटभर लांबीच्या, लवदार उचलायच्या. वांग्याचं सगळं इंगित टोपीत. टोपी हिरवी, टवटवीत, काटे बोचणारे, आणि वांगं हाताला हलकं असलं की आत बिया कमी. जड वांगं म्हणजे बियांचं. भरतासाठीही हलकंच बघ. थंडीत जळगावकडची लांबट, हिरवी भरिताची वांगी इथे मिळाली तर सोडू नकोस. त्यांना भौगोलिक मानांकन (त्या भागातल्याच मालाला ते नाव लावता येतं असा सरकारी शिक्का) आहे, आणि भाजल्यावर कळतं की ते कागदापुरतं नाही.

दुध्याला नख लावायचं. नख सहज रुतलं की कोवळा. विकणारा ओरडतो, म्हणून नख देठाजवळ लाव, आणि लावलंस तर तोच घे, एवढी सभ्यता पाळ. शेवग्याची शेंग दोन्ही टोकांना धरून पिळून बघ. लवली पाहिजे. फार जाड असेल तर आत बिया झाल्या. पडवळावर पांढुरकी भुकटी असते, ती घासून गेली असेल तर पडवळाने बरेच हात बघितले. कोथिंबिरीची जुडी उलटी करून मुळाकडे बघ. वर हिरवीगार आणि आत पिवळा चिखल ही युक्ती फार जुनी आहे. मेथी छोट्या पानांची घे, उंची बघून भुलू नकोस.

मासळीचं सांगते, कारण तिथे खिसा जास्त कापला जातो. पापलेटचा कल्ल्याजवळचा भाग अंगठ्याने दाबायचा. पांढरं, दुधासारखं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर पुढे चल. सुरमई, बांगड्याचे कल्ले उघडून बघ, लाल हवेत, तपकिरी नकोत. डोळे फुगीर आणि चकचकीत. पोटाला बोट लावलं की खड्डा राहायला नको. कोलंबीचं डोकं घट्ट हवं, लोंबलं की शिळी. तिसऱ्या (शिंपल्या) मिटलेल्या असाव्यात, आणि उघडी असली तर टिचकी मारल्यावर मिटली पाहिजे. खेकडा हातात घेऊन वजनाचा अंदाज घे. आकाराने मोठा आणि हलका असेल तर आत पाणी.

फक्त एक लक्षात ठेव. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात जायची बंदी असते. मासळी अंडी घालते तो हा काळ. म्हणजे आता बाजारात जे मोठं पापलेट ‘आजचंच, ताजं’ म्हणून दाखवतील ते बहुतेक बर्फातलं, नाहीतर लांबून आलेलं. या दोन महिन्यांत खाडीची मासळी बघ, पावसात चढणीचे (प्रवाहाविरुद्ध वर चढणारे) मासे येतात ते बघ, आणि सुकी मासळी आहेच. सोडे, सुकट, सुके बोंबील मे महिन्यात भरून ठेवणाऱ्या घरांना पाऊस कधी जड जात नाही. तुझ्या कोळणीशी ओळख कर, तिला नाव विचार, दर आठवड्याला तिच्याकडेच जा. मला हे सगळं ज्यांनी शिकवलं त्या कोळणी पहिल्या वर्षी माझ्याशी धड बोलल्यासुद्धा नव्हत्या.

शेवळं आणली, युट्यूबवर बघून केली. घसा असा खाजला की रात्रभर ताक पीत बसलो. आता घरातले म्हणतात, ती रानटी भाजी पुन्हा घरात आणायची नाही. कुठे चुकलं?
– एक वाचक, कल्याण

तुम्ही काकडं आणली नव्हती, बरोबर? शेवळं विकणाऱ्या बाईच्या टोपलीत, शेवळाच्या जुड्यांशेजारी लहान, हिरव्या, आवळ्याहून बारीक फळांचा वाटा असतो. ती काकडं. बरेच जण तो वाटा बघतात आणि ‘हे नको’ म्हणतात. अहो, तीच तर गुरुकिल्ली आहे! बाई एकाबरोबर दुसरं देते ते उगाच नाही.

शेवळं ही सुरणाच्या कुळातली. सुरण आणि अळवासारखेच तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. आंबट घातलं की खाज उतरते, हा अनुभव आपल्याकडे पिढ्यान् पिढ्यांचा आहे. अळूच्या फतफत्यात चिंच असते ती त्यासाठीच.

आता नीट ऐका. आधी हाताला तेल लावा. शेवळाचं बाहेरचं तपकिरी-जांभळं आवरण सोलून टाका. आतल्या दांड्याच्या खालच्या बाजूला पिवळा-केशरी, दाणेदार भाग दिसेल, तो काढून टाकायचा. सगळ्यात जास्त खाज तिथे असते, आणि युट्यूबवरच्या घाईत नेमकं तेच राहतं. उरलेलं बारीक चिरा, फार बारीक. काकडं ठेचून, पाण्यात उकळून, कुस्करून गाळून घ्या. कढईत तेल सढळ हाताने घाला. शेवळं आधी तेलात चांगली परतायची, रंग बदलून कोरडी होईपर्यंत, मग काकडाचं पाणी घालून शिजू द्यायची. घाई केली की घसा सांगतो. काकडं नाहीच मिळाली तर दाट चिंचेचा कोळ. पण काकडांचा आंबटपणा वेगळा, किंचित तुरट, आणि शेवळाला तोच शोभतो.

त्यात पुढे काय घालायचं ते घराप्रमाणे. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत खिमा नाहीतर कोलंबी-सोडे, शाकाहारी घरांत वाल किंवा हरभऱ्याची डाळ. आमच्याकडे सोडे. वाटणात ओलं खोबरं आणि गरम मसाला, आणि वर कच्चं तेल नाही, कारण ते आधीच भरपूर गेलेलं असतं. ही भाजी दिसायला काळपट आणि ओबडधोबड, फोटोत कधीच चांगली येत नाही. म्हणूनच ती अजून हॉटेलांच्या हातात सापडली नसावी, आणि सापडू नये.

वळवाचे पाऊस पडले की जमिनीतून शेवळं वर येतात आणि दोन-तीन आठवड्यांत खेळ संपतो. अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा शेवटच्या जुड्या असतील. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणालात तर खरोखरच वर्ष थांबावं लागेल. घरच्यांना म्हणावं, आणखी एकच संधी द्या.

शेवळं गेली की टाकळा येतो. पाऊस लागल्यावर पंधरा दिवसांत रस्त्याच्या कडेला उगवतो, कोवळी पानं तेवढी खुडायची, फुलं आली की संपलं. मग फोडशी, तिला कुणी कुलू म्हणतात. दिसायला गवतासारखी, पानाची मधली पांढरी शीर ओढून काढायची आणि बुडखा तीन पाण्यांनी धुवायचा, नाहीतर वाळू दाताखाली येते. भारंगी कडू, उकळून पिळून घ्यायची. करटोली महाग होतच राहणार, सणावाराला घ्या.

आणि हे ठामपणे सांगते: स्वतः रानात जाऊन खुडायच्या फंदात पडू नका. शहापूर-मुरबाडच्या, कर्जतच्या बायकांना ती पानं आईच्या मागे फिरून ओळखता येतात. आपण व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो बघून खुडणार. अळंबीच्या बाबतीत तर ही चूक जिवावर बेतते. विकत घ्या, विचारून घ्या. आणि कशी करायची तेही तिलाच विचारा, ती सांगते. खुश होऊन सांगते.

मार्चमध्ये ‘देवगड हापूस’ म्हणून पेटी घेतली, किमतीचा आकडा लिहायला लाज वाटते. वरून पिवळा धमक, आत पांढरा आणि आंबट. नंतर कळलं, तो देवगडचा नव्हताच. हे टाळायचं कसं?
– एक वाचक, मुलुंड

मार्चमध्ये पेटी घेणं थांबवलंत की निम्मं टळलं. गुढीपाडव्याला आंबा ताटात हवाच, या हट्टापायी लोक वर्षातला सगळ्यात महाग आणि सगळ्यात बेभरवशाचा आंबा घेतात. एप्रिलचा मध्य ते मेचा मध्य, हा खरा हंगाम. तेव्हा आंबा जास्त, भाव कमी, फसवणुकीला जागाही कमी.

‘हापूस’ या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या कोकणातल्या पाच जिल्ह्यांचं ते नाव. पण कर्नाटकातला हापूस कोकणच्या पेटीत भरून येतो, हे मुंबईतल्या प्रत्येक फळवाल्याला माहीत आहे. सगळीकडून सारखाच पिवळा आंबा बघितला की मी दोन पावलं मागे सरते. अढीत, गवतात पिकलेल्या आंब्याचा रंग कधीच एकसारखा नसतो; कुठे हिरवट, कुठे केशरी, आणि देठाजवळ नाक नेलं की वास आधी येतो, रंग नंतर दिसतो. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे. इथिलीन वायू ठरलेल्या मर्यादेत चालतो, त्याला घाबरू नका, फळ स्वतःही तो वायू सोडतं.

पुढच्या वर्षासाठी आत्ताच एखादा बागायतदार गाठा. जानेवारीत फोन करा, ‘मेच्या पहिल्या आठवड्यातली पेटी द्या’ एवढं सांगा, आणि कच्चा आंबा मागवून घरी पिकवा. साका (आतला पांढरट, स्पंजासारखा खराब गर) मात्र बाहेरून कळत नाही. तुम्हालाही नाही आणि बागायतदारालाही नाही. त्यावरून भांडू नका.

वाट्याने भाजी घेतली की वजन कळत नाही. मला नेहमी फसल्यासारखं वाटतं. किलोने का विकत नाहीत?
– एक वाचक, पुणे

तराजू नसतो म्हणून. आणि तिने पंधरा करटोली वेचून आणली असतील तर त्यांचा किलो कुठून करायचा? वाट्याचा हिशोब डोळ्यांचा असतो. दोन वाटे बघा, मोठा घ्या. खालचा थर बघायला हरकत नाही, तिलाही त्यात वावगं वाटत नाही. मग म्हणा, ‘वर थोडं घाला.’ ती मूठभर घालणार, हे दोघींना आधीच माहीत असतं. भाव मात्र पाडू नका. घासाघीस करायची तर ट्रक भरून आणणाऱ्याशी करा. पहाटे चारला उठून डोक्यावर टोपली घेऊन आलेल्या बाईशी पाच रुपयांवरून वाद घालणं मला तरी जमत नाही. पुणेकरांना जमत असेल. (संपादकांनी हे वाक्य ठेवलं तर त्यांचे आभार.)

आमच्या सोसायटीत दर रविवारी शेतकरी बाजार भरवायचा विचार आहे. मी सेक्रेटरी आहे. परवानगीचं काय, आणि येणारा खरा शेतकरी आहे हे कसं ओळखायचं?
– एक वाचक, ऐरोली

२०१६ मध्ये राज्याने फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या केल्या. शेतकऱ्याला आपला माल समितीच्या आवारातच विकला पाहिजे, अशी सक्ती राहिली नाही. सोसायटीच्या आत जागा तुमची, सभेत ठराव करा. रस्त्यावर किंवा मैदानात भरवणार असाल तर महापालिकेला विचारावं लागेल. राज्याचं कृषी पणन मंडळ शेतकरी आठवडे बाजाराच्या कामात असतं, त्यांच्याकडे शेतकरी गटांची माहिती मिळते.

ओळखायचं म्हणाल तर टोपलीकडे बघा. एकाच माणसाकडे फुलकोबी, आलं, ब्रोकोली, सिमला मिरची, लिंबं आणि वर सफरचंद असेल तर तो रात्री वाशीला जाऊन आलाय. शेतकऱ्याकडे तीन-चार जिन्नस असतात, आणि असतात ते भरपूर. आकार वेडेवाकडे, एखाद्या पानाला किडीचं भोक. त्याला विचारा, ‘ही गवार कधी पेरलीत?’ व्यापारी भाव सांगतो, शेतकरी पावसाबद्दल बोलायला लागतो.

एक विनंती. पहिल्या चार रविवारी ‘बटाटे का नाहीत’ म्हणून सभासद तक्रार करतील. करू द्या. पण पाऊस असो वा सण, बाजार त्याच दिवशी, त्याच वेळी भरला पाहिजे आणि लोक उतरले पाहिजेत. दोनदा माल परत न्यावा लागला की तिसऱ्यांदा तो माणूस येत नाही. त्याचं काही चुकत नाही. उरलेली भाजी शेवटी सोसायटीने ठरलेल्या दराने घ्यायची, अशी व्यवस्था करता आली तर बाजार टिकेल.

स्थानिकच खायचं असेल तर हिमाचलची सफरचंदं, काश्मीरचे अक्रोड सोडायचे का?
– एक वाचक, नाशिक

कशाला? नाशिकची द्राक्षं आणि लासलगावचा कांदा बाकीच्या देशाने सोडला तर तुमचंच कसं व्हायचं? बटाटा, टोमॅटो, मिरची, काजू, पेरू सगळे समुद्रापलीकडून आलेले, त्याशिवाय आपल्या स्वयंपाकघराचं पान हलत नाही. मी एवढंच म्हणते, अंजिराच्या हंगामात पुरंदरचं अंजीर समोर असताना परदेशी किवी उचलू नका. सफरचंद सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घ्या, तेव्हा ते नुकतं झाडावरून आलेलं असतं. मे महिन्यात चकाकणारं सफरचंद बघून तुम्हाला काय वाटतं ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी न्यू जर्सीत, एडिसनला राहते. इथे उन्हाळ्यात शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. सासरे चार महिन्यांसाठी आलेत, त्यांना रोज ताजी भाजी लागते, पण तिथे ‘आपलं काहीच नाही’ म्हणतात. मी त्यांना काय दाखवू?
– एक वाचक, न्यू जर्सी

त्यांना टेबलाच्या मागे न्या. तिथे गोरा शेतकरी बीट आणि मुळ्याची पानं मोडून टोपलीत टाकत असतो, गिऱ्हाइकांना ती नको असतात. मागा, बरेचदा फुकट देतात. मुळ्याच्या पाल्याची भाजी हरभऱ्याची डाळ घालून, बीटच्या पाल्याची लसूण घालून. सासरे दुसऱ्या शनिवारी स्वतः पिशवी घेऊन निघतील. नवलकोल तिथे असतोच, जांभळा आणि हिरवा दोन्ही. शेपू काकडीच्या लोणच्यासाठी म्हणून चिमूटभर जुडीने विकतात. शेतकऱ्याला आधी सांगून ठेवलं तर मोठा भारा आणतो.

पर्सलेन नावाने एक मांसल, लालसर देठाची भाजी दिसेल. मेक्सिकन मंडळी ती आवडीने खातात. ती आपली घोळ. ताकातली घोळ करून वाढा आणि काही बोलू नका, सासऱ्यांनाच ओळखू द्या. भोपळ्याच्या जातीच्या वेलांची पिवळी फुलं जुलैत मिळतात, त्यांची भजी. मका आणि टोमॅटो यांसाठी न्यू जर्सीचं नाव आहे, ऑगस्टमध्ये दोन्ही भरात असतात, तेव्हा टोमॅटोचं सार रोज झालं तरी चालेल. आणि सासरे ऑक्टोबरपर्यंत राहणार असतील तर थंडी पडायच्या आधी शेतकरी वेलावरचे हिरवे टोमॅटो काढून टाकतात, ते टोपलीभर घ्या. शेंगदाण्याचं कूट आणि गूळ घालून भाजी, आणि उरलेल्यांची तीळ-लसणीची चटणी.

अलिबागहून येताना पांढऱ्या कांद्याच्या दोन माळा आणल्या. बाल्कनीत टांगल्यात. किती दिवस टिकतील?
– एक वाचक, चेंबूर

अलिबागजवळच्या कार्ले-खंडाळ्याकडचा खरा असेल तर गोड असणार, कच्चा खाऊन संपवा. भाजीत घालून वाया घालवू नका. या कांद्याला २०२२ मध्ये मानांकन मिळाल्यापासून रस्त्यावर कुठलाही पांढरा कांदा अलिबागचा म्हणून विकतात. खरा ओळखायचा तर एक फोडून चावून बघा, डोळ्यांत पाणी आणणारा नसतो. माळ बाल्कनीतून आजच आत घ्या, वारा लागेल अशा ठिकाणी टांगा. खालच्या बाजूने एकेक सोडवत जा, आणि आठवड्यातून एकदा माळ हाताने चाचपा. एखादा मऊ लागला तर लगेच काढा, नाहीतर शेजारचे दोन घेऊन जातो. झड लागली की कोंब यायला लागतील. कोंब आलेला कांदा टाकू नका, हिरव्या पातीसकट चिरून झुणक्यात घाला.